काल दिसत होतं, आज दिसत नाही: एका छापखान्यातलं विंडोज, लिनक्स आणि मॅकचं फाईल शेअरिंग

चिपळूणच्या बाजारपेठेतल्या एका छापखान्याचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. शिमग्याच्या पत्रकांपासून आंब्याच्या पेटीवरच्या लेबलांपर्यंत आणि मग मे महिनाभर लग्नपत्रिका, असा तिथला कामाचा हंगाम. या दिवसांत मला हमखास एक फोन येतो. "अहो, सर्व्हर परत गेला. तीन पत्रिका आत अडकल्यात आणि गिऱ्हाईक समोर बसलंय."

सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फाईली ज्यावर ठेवतो ते यंत्र, कुठेही गेलेला नसतो. माळ्यावर त्याचा दिवा लुकलुकत असतो आणि आतल्या फाईली जागच्या जागी असतात. तक्रारीचे शब्द दर वेळी तेच, पण कारण जवळजवळ दर वेळी वेगळं निघतं. मागच्या वेळी ज्याने काम भागलं तेच करून बघायचं, या सवयीमुळे आमचा बराच वेळ वाया गेला. पतपेढी, शाळेचं ऑफिस, करसल्लागाराचं ऑफिस, अशा ठिकाणी चार तऱ्हेची यंत्रं एकत्र नांदवणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

चार तऱ्हेची यंत्रं आली कुठून, तेही सांगतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरची सगळी यंत्रं गेली. त्यानंतर जे मिळालं ते जोडत गेलो. विंडोज ११ चे दोन लॅपटॉप, पुण्याहून आणलेला जुना मॅक मिनी, आणि सुट्या भागांतून उभं केलेलं लिनक्स मिंटचं एक यंत्र. हाच आमचा सर्व्हर, त्यावर सांबा चालतं, म्हणजे लिनक्सवरच्या फाईली विंडोज आणि मॅकला वाटणारा प्रोग्रॅम. शिवाय वरच्या खोलीत होता म्हणून वाचलेला विंडोज एक्सपीचा एक कॉम्प्युटर. पेजमेकर हा पानं जुळवायचा प्रोग्रॅम आणि युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) आधीचे मराठी फाँट त्याच्यावर आहेत आणि जुन्या गिऱ्हाइकांचं सगळं काम त्यांत आहे. त्याला हात लावायला छापखान्याचे काका तयार नाहीत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

"सर्व्हर दिसत नाही" या एका वाक्यात तीन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. आपलं यंत्र सर्व्हरपर्यंत पोहोचतं का? पोहोचत असेल, तर यादीत त्याचं नाव दिसतं का? आणि तो आत घेतो का? हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारायचे नाहीत. पोहोच आधी, प्रवेश नंतर, आणि यादी सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक यादीपासून सुरुवात करतात. एक्सप्लोररमधल्या नेटवर्कवर क्लिक करतात, तिथे नाव नसलं की सर्व्हर बंद आहे असं ठरवतात, आणि मग फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्यांना अडवणारा पहारा, बंद करण्यापासून विंडोज नव्याने टाकण्यापर्यंत मजल जाते.

पोहोच तपासणं सोपं आहे. एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा पत्ता, टाकायचा. आमचा आहे १९२.१६८.१.५० (इथे मराठीत लिहिला, टाइप करताना इंग्रजी आकडे हवेत). मॅकवर फाइंडरच्या 'गो' मेनूत 'कनेक्ट टू सर्व्हर' आहे, तिथे एसएमबी (विंडोजच्या फाईल शेअरिंगच्या भाषेचं नाव), विसर्गासारखे दोन टिंब, दोन सरळ तिरक्या रेघा आणि तोच आयपी. फोल्डर उघडलं तर नेटवर्क ठीक आहे, अडचण फक्त यादीची आहे. नाही उघडलं तर पिंग करा, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघा, पण पिंगवर पूर्ण विसंबू नका. विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर देत नसेल तरी यंत्र चालू असू शकतं. पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड टाइप करायची खिडकी) टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड आयपी आणि पोर्ट, म्हणजे आत यायच्या दाराचा क्रमांक, ४४५ देऊन चालवली की खरं काय ते कळतं, कारण आजचं विंडोज शेअरिंग याच पोर्टवरून चालतं.

पोहोचच नसेल तर आमच्याकडे तीन कारणं निघाली. पहिलं, दोन राउटर. फायबरवाल्याने लावलेल्या डब्याचं स्वतःचं वायफाय असतं. जांभ्या चिऱ्याच्या दीड फुटी भिंतीतून ते मागच्या खोलीत पोहोचत नाही, म्हणून कोणीतरी बाजारातून दुसरा राउटर आणून त्याच्या पुढे जोडतो. आता एका खोलीतली यंत्रं १९२.१६८.१ च्या घरात आणि दुसऱ्या खोलीतली १९२.१६८.० च्या घरात. इंटरनेट दोन्हीकडे उत्तम चालतं, त्यामुळे कोणाला संशय येत नाही, पण पुढच्या खोलीतून मागच्या खोलीतलं यंत्र सापडत नाही. दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे स्वतः पत्ते न वाटता नुसतं वायफाय देण्यावर, टाकलं की दोन्ही घरं एक होतात. तो मोड नसेल तर त्याचा डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारा भाग) बंद करायचा, त्याला त्याच घरातला एक मोकळा पत्ता द्यायचा, आणि आलेली वायर वॅनऐवजी (बाहेरच्या जोडणीची खोबण) लॅनच्या (आतल्या यंत्रांच्या) खोबणीत घालायची.

दुसरं कारण गेस्ट वायफाय. त्यावर जोडलेल्या यंत्रांना एकमेकांशी बोलू न देणं हाच त्याचा हेतू असतो. गिऱ्हाइकांसाठी ते चांगलं, पण ऑपरेटरचा लॅपटॉप चुकून त्यावर गेला की त्याच्यापुरता सर्व्हर नाहीसा होतो.

तिसरं कारण बदललेला आयपी. संध्याकाळी दुकान बंद करताना मेन स्विच पाडायची पद्धत आमच्याकडे जवळपास सगळीकडे आहे, आणि पावसाळ्यात वीज दिवसातून किती वेळा जाते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. सगळं एकदम चालू झालं की राउटर पुन्हा पत्ते वाटतो, आणि काल सर्व्हरकडे असलेला पत्ता आज एखाद्या मोबाईलला मिळतो. राउटरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरच्या मॅक ॲड्रेसशी (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता, ॲपलच्या मॅकशी याचा संबंध नाही) एक आयपी कायमचा बांधून टाका. याला ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात. पाच मिनिटांचं काम आहे. मला ते करायला दोन पावसाळे लागले याचं वाईट वाटतं, कारण त्या दोन पावसाळ्यांतले अर्धे फोन यापायीच होते.

राउटर जळला की सगळं नव्याने

मेच्या अखेरीला मळभ दाटतं, विजा कडाडतात, आणि गावात कोणाचा ना कोणाचा राउटर जातो. नवा राउटर येतो, वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले जातात, इंटरनेट सुरू होतं. आणि विंडोजच्या एका लॅपटॉपवरचं शेअर केलेलं फोल्डर बाकी सगळ्यांना दिसेनासं होतं.

हे कोडं मला बरेच दिवस उलगडत नव्हतं. विंडोज नेटवर्कची ओळख नुसत्या नावावरून पटवत नाही. गेटवेचा, म्हणजे राउटरचा, हार्डवेअर पत्ताही बघतं. राउटर बदलला की त्याच्या लेखी ते नवं, अनोळखी नेटवर्क ठरतं, आणि अनोळखी नेटवर्कला ते पब्लिक समजतं. रेल्वे स्टेशनवरच्या वायफायला जितकं जपून राहायचं, तितकंच मग ते आपल्याच दुकानात राहतं. फायरवॉल शेअरिंगची दारं लावून घेते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय किंवा इथरनेटच्या प्रॉपर्टीज असं जाऊन प्रोफाइल प्रायव्हेट करायची. राउटर बदलला की हे प्रत्येक विंडोज यंत्रावर करावं लागतं. फायरवॉल बंद करण्याची गरज नाही, आणि करूही नका.

मॅपिंग केलेल्या, म्हणजे सर्व्हरवरचं फोल्डर जोडून केलेल्या, ड्राइव्हवर सकाळी लाल फुली दिसते, तीही याच मेन स्विचच्या घरातली. लॅपटॉप आधी उठतो, राउटर नंतर, सर्व्हर त्याहून नंतर. विंडोज ड्राइव्ह जोडायला जातं तेव्हा समोर कोणी नसतं. बहुतेकदा फुलीवर डबल क्लिक केलं की जोडणी होते. आम्ही राउटर आणि सर्व्हर मिळून एका लहान यूपीएसवर घेतले आणि त्यांची लाइन मेन स्विचच्या आधीच्या बाजूने काढली. ती जोडणी वायरमनकडूनच करून घ्यावी.

पासवर्ड बरोबर आहे, तरी आत घेत नाही

पोर्ट ४४५ उघडा आहे, नाव-पासवर्ड विचारला जातो, पण दार उघडत नाही. मला वाटतं, सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो, कारण माणूस शपथेवर सांगत असतो की पासवर्ड बरोबर आहे. आणि बऱ्याचदा तो असतोही, फक्त दुसऱ्या दाराचा.

लॅपटॉप उघडताना जो चार आकडी पिन टाकता तो नेटवर्कवर चालत नाही. पिन त्या एका यंत्रापुरता असतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करत असाल तर शेअरिंगला खात्याचा ईमेल आणि त्याचा पूर्ण पासवर्ड लागतो, आणि तो कोणालाच आठवत नसतो. म्हणून ज्या विंडोज यंत्रावरून फाईली वाटायच्या आहेत, त्यावर फक्त शेअरिंगसाठी एक साधं लोकल खातं काढा आणि त्याला पासवर्ड द्या. रिकामा पासवर्ड ठेवलेलं खातं विंडोज नेटवर्कवरून येऊ देत नाही.

सांबाचं वेगळंच. लिनक्सवर लॉगिन करायचा पासवर्ड आणि सांबाचा पासवर्ड हे दोन स्वतंत्र आहेत. लिनक्सवर नवा ऑपरेटर घातला, पण एसएमबीपासडब्ल्यूडी ही कमांड हायफन-ए लावून त्याच्या नावाने चालवली नाही, तर सांबाच्या वहीत तो नसतोच.

आणि मग ती गोष्ट, जी २०२४ च्या शेवटापासून मी बऱ्याच ठिकाणी पाहिली. इतकी वर्षं सांबावर गेस्ट शेअर होतं, पासवर्डशिवाय सगळे आत येत होते, आणि विंडोजच्या एका अपडेटनंतर निरोप दिसू लागला की तुमच्या संस्थेचं सुरक्षा धोरण गेस्ट प्रवेश अडवतं. दुकानदार विचारतो, आमची कुठली संस्था? विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. तिच्या प्रो प्रकारात गेस्ट म्हणून जाणं मुळातच बंद आहे, आणि प्रत्येक जोडणीवर सही, म्हणजे एसएमबी सायनिंग, सक्तीची आहे. गेस्टकडे पासवर्ड नसतो, आणि सहीची किल्ली तयार होते ती पासवर्डच्या ओळखीतून. त्यामुळे गेस्टला सही करता येत नाही. सांबात 'मॅप टू गेस्ट' ही ओळ असली तर चुकीच्या नावाने आलेल्यालाही तो गुपचूप गेस्ट करून आत घेतो, आणि विंडोज तिथेच मागे फिरतं. म्हणून निरोप गेस्टबद्दल असतो, जरी तुम्ही नाव टाकलेलं असलं तरी.

यावर विंडोजचं धोरण बदलून गेस्ट चालू करायचे उपाय सांगितले जातात. मी ते करत नाही. सांबावर 'छपाई' असा एक वापरकर्ता इंग्रजी अक्षरांत काढतो, त्याला पासवर्ड देतो आणि प्रत्येक यंत्रावर तो एकदा जतन करतो. दहा मिनिटांत काम होतं आणि पुढच्या अपडेटची धास्ती राहत नाही.

पासवर्ड बदलल्यावर विंडोज जुनाच पाठवत राहतं, तेव्हा कंट्रोल पॅनेलच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली त्या सर्व्हरची नोंद पुसावी लागते. एकाच सर्व्हरवर दोन वेगळ्या नावांनी गेलात तर १२१९ क्रमांकाची एरर येते. नेट यूज कमांडने जुन्या जोडण्या तोडल्या की ती जाते.

आत गेल्यावर मॅकवरून ठेवलेली फाईल विंडोजवाल्याला बदलता येत नसेल, तर प्रश्न लिनक्सच्या परवानग्यांचा आहे. सांबाच्या सेटिंग फाईलमध्ये त्या शेअरच्या भागात फोर्स ग्रुप, क्रिएट मास्क ०६६४ आणि डिरेक्टरी मास्क २७७५ घातले की एकाची फाईल दुसऱ्याला लिहिता येते. मॅक असेल तर सांबाचं फ्रूट हे मॅकशी जुळवून घेणारं मॉड्यूल चालू करावं. बदल केल्यावर टेस्टपार्म ही सेटिंग तपासणारी कमांड चालवून बघा, सेटिंगच्या नावात एक अक्षर चुकलं तरी ती दाखवते.

यादीचं थोडक्यात. विंडोजची आजची यादी डब्ल्यूएस-डिस्कव्हरीवर, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना हजेरी द्यायच्या पद्धतीवर, चालते, आणि सांबा ती भाषा बोलत नाही. लिनक्सवर डब्ल्यूएसडीडी नावाचा छोटा प्रोग्रॅम टाकला की सर्व्हर यादीत येतो. विंडोजचं यंत्र यादीत येत नसेल तर त्याच्या सर्व्हिसेसमध्ये फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन ऑटोमॅटिक करा.

एक्सपीसाठी सगळ्यांची दारं उघडू नका

कळकळीने सांगायचं आहे ते हे. एक्सपीला एसएमबीची फक्त पहिली आवृत्ती येते. दुसरी विंडोज विस्टापासून आली. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०९ आवृत्तीपासून पहिली मुळात बसवलेली नसते, आणि सांबाने ४.११ मध्ये, २०१९ साली, तिला गप्प केलं. त्यामुळे एक्सपी जोडायचा झाला की कोणीही सांगतो, विंडोज फीचर्समध्ये जा आणि एसएमबी १.० वर टिक करा. लगेच चालतंही.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाईली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच पहिल्या आवृत्तीतल्या छिद्रातून. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण ज्यांनी घेतली नव्हती त्यांच्या फाईली कुलूपबंद झाल्या. छापखान्यातल्या फाईली म्हणजे वीस वर्षांची गिऱ्हाइकं. पुरात एकदा सगळं गेलेल्या माणसाला मी तो धोका पत्करा म्हणू शकत नाही.

सांबात जुनी आवृत्ती चालू केली तर ती पूर्ण सर्व्हरला लागू होते, एका शेअरपुरती ठेवता येत नाही. म्हणून आम्ही दिशा उलटी केली. एक्सपी सर्व्हरकडे येत नाही, सर्व्हर एक्सपीकडे जातो. लिनक्सवर एक्सपीचं एक फोल्डर आवृत्ती १.० असं स्पष्ट सांगून माउंट केलं आहे, म्हणजे जोडून घेतलं आहे. ते सांगावंच लागतं, कारण २०१७ नंतरचे लिनक्सचे कर्नल (त्याचा गाभा) स्वतःहून वरच्याच आवृत्त्या वापरतात. दर पाच मिनिटांनी त्यातल्या नव्या फाईली मुख्य शेअरमध्ये उतरतात. राउटरवर एक्सपीचं इंटरनेट पूर्ण बंद आहे. ऑपरेटर ताईंना पाच मिनिटं थांबावं लागतं, त्याची आता सवय झाली आहे.

खारी हवा

फाईल उघडते, पण अडखळत. मोठी पीडीएफ निम्म्यात थांबते. सगळे सांबाची सेटिंग्ज चाळत होते, आणि दोष निघाला वायरच्या टोकाला. चिपळूण खाडीपासून लांब नाही, आणि दापोली-गुहागरकडे तर समुद्र दारातच. दमट खाऱ्या हवेत नेटवर्कच्या पिनांवर काळपट-हिरवट थर चढतो. गिगाबिट जोडणीला वायरीतल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. एक जोडी कमजोर झाली की जोडणी बऱ्याचदा खाली उतरते आणि कोणाला पत्ता लागत नाही. कॉपीचा वेग सेकंदाला ११-१२ एमबीवर अडकलेला दिसला की मी आधी वायर बदलून बघतो. नवं टोक क्रिंप केलं, म्हणजे पक्कडीने दाबून बसवलं, की वेग पुन्हा शंभराच्या आसपास जातो.

एकाच नावाच्या दोन फाईली

हे शेवटी ठेवलं, कारण याने आम्हाला खऱ्या अर्थाने नुकसान दिलं.

आधी साधा भाग. लिनक्सवर फाईलच्या नावात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह चालतं. विंडोजला चालत नाही. 'पत्रिका: मुलीकडची' अशी फाईल लिनक्सवर केली की सांबा ती विंडोजला एका अगम्य छोट्या नावाने दाखवतो. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा किंवा टिंबही तसंच त्रास देतं.

पण एका लग्नाच्या वेळी फोल्डरमध्ये 'वऱ्हाड' या नावाच्या दोन फाईली दिसल्या. अक्षरन्‌अक्षर तेच नाव. एका फोल्डरात एका नावाच्या दोन फाईली राहू शकत नाहीत हे सगळ्यांना माहीत, म्हणून दिसण्यातली गडबड समजून दुर्लक्ष केलं. मुहूर्ताची वेळ दुरुस्त केली गेली एकीत, आणि छपाईला गेली दुसरी.

मी नावं हेक्सडंपमधून (अक्षरांमागचे बाइट दाखवणारा प्रोग्रॅम) काढून बघितली. ऱ्ह मधला हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट आणि जे दाबून ऱ येतो, युनिकोडमधला क्रमांक यू+०९३१, आणि पुढे हलंत. दुसऱ्या ऑपरेटरच्या फोनेटिक कीबोर्डने साधा र, हलंत, आणि मग झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं अक्षर, यू+२००डी, असं लिहिलं होतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण विंडोज आणि लिनक्स दोघांच्याही लेखी ती निराळी नावं. शोधताना एका कीबोर्डने टाइप केलं तर एकच सापडते. कऱ्हाडे, कुऱ्हाड, दऱ्या, सुऱ्या, दुसऱ्या, सगळ्यांना हे लागू आहे.

तिसरा प्रकार जुन्या मॅकमुळे. एचएफएस प्लस ही त्याची फाईल पद्धत ऱ चे तुकडे करून र आणि नुक्ता असे साठवते. तिथून आर्सिंक या कॉपी करायच्या प्रोग्रॅमने लिनक्सवर नेलं की नाव तसंच तुकड्यांत येतं. हे कॉनव्हीएमव्ही या प्रोग्रॅमने एनएफसी, म्हणजे तुकडे जोडलेल्या, रूपात परत जोडता येतं. तो आधी नुसतं दाखवतो की काय बदलेल, आणि नोटेस्ट हा पर्याय दिल्यावरच खरोखर बदलतो. जॉइनरवाल्या नावांना मात्र तो उपयोगी नाही. त्यांच्यासाठी मी एक लहान स्क्रिप्ट लिहिली. ई२ ८० ८डी ही जॉइनरची तीन बाइटांची जोडणी जिथे र आणि हलंत यांच्या मागोमाग येते, अशी नावं ती रोज रात्री काढून देते.

बदल मात्र मी हाताने करतो, कारण दोन्ही फाईली असतील तर त्यांतली खरी कोणती ते ताईंनाच विचारावं लागतं. आणि आता प्रत्येक नावाच्या सुरुवातीला कामाच्या वहीतला क्रमांक इंग्रजी आकड्यांत टाकतो. मागच्या आठवड्यात एकाच क्रमांकाच्या दोन फाईली दिसल्या, तेव्हा ताईंनी छपाईला देण्याआधीच फोन केला.